चंद्रसाची फुंकर

रावजीकाकाला गणपती घडवता यायचा नाही, हे आधीच सांगून टाकते. गावात लोक त्याला गणपतीवाला म्हणायचे आणि तोही ते ऐकून घ्यायचा. पण माती मळायची, साच्यात दाबायची, सोंड वळवायची, बोटं कोरायची हे सगळं माझे बाबा करायचे. काका फक्त रंगवायचा. बाबा गेल्यावर त्यांच्याच साच्यांतून तो कशाबशा मूर्ती काढू लागला, आणि त्या मूर्तींचे दोन कान कधी एकसारखे आले नाहीत. रंग चढला की मात्र कानाकडे कुणाचं लक्ष जात नसे.

सतराव्या वर्षी तो मुंबईला गेला होता. एका पाट्या रंगवणाऱ्याकडे राहिला आणि चौदा महिन्यांत परत आला. का आलास म्हणून विचारलं तर सांगायचा की तिथे रंग डब्यातून येतो, झाकण उघडलं की झालं, मग माणसाने करायचं काय. खरं कारण वेगळं असावं. काकाला अनोळखी माणसांत तोंड उघडता यायचं नाही. पावस गावाच्या अलीकडच्या आमच्या वाडीत जन्म काढला तरी तो इथेसुद्धा फार उघडायचा असं नाही.

आषाढ लागला की आमच्या पडवीत शाळा बसायची. गणपतीच्या कारखान्याला आमच्याकडे शाळाच म्हणतात. काकाचे रंग सगळे कोरडे, भुकटीचे. गेरू, पिवडी, हिंगूळ, नीळ, काजळी, सफेदा अशा लोणच्याच्या बरण्या फळीवर ओळीने असत आणि त्यांना हात लावला तर तो आम्हा पोरांना बरणीच्या झाकणानेच हाणायचा. दिवसभर भुकटीत बसून त्याच्या नाकातून संध्याकाळी कधी गुलाबी तर कधी निळं यायचं. सखूकाकी म्हणायची, माझ्या नवऱ्याला सर्दी झाली की रुमालावर रंगपंचमी असते.

शाडूची मूर्ती वाळली की काचपेपरने घासायची, खडूच्या पातळ लेपाने पांढरी करायची, वर अंगाचा रंग द्यायचा. इथपर्यंत कुणीही करील. पुढे काका बसायचा. अंगाचा रंग अजून किंचित चिकट असताना कापसाच्या बोळ्यावर कोरडी भुकटी घ्यायची आणि गालांवर, कानांच्या पाळ्यांत, पोटाच्या वळीत टिपायची. घासायची नाही, नुसती टिपायची. हिंगूळ आणि पिवडी एकत्र करून तो असे काही गाल करायचा की मूर्ती बघायला आलेल्या बायका न राहवून बोट लावायच्या, बोटाला गुलाबी घेऊन घरी जायच्या आणि जाताना काकाच्या शिव्या खायच्या.

कारण ही भुकटी तशी कच्ची. तिच्यावर कुंचला फिरवला तर सगळी कुंचल्यालाच येते. म्हणून ती फुंकरीने बसवायची. दोन बारीक पितळी नळ्या काटकोनात जोडलेली एक फुंकणी काकाकडे होती. एका नळीचं टोक डिंकाच्या पाण्यात, दुसरीचं तोंडात, आणि गाल फुगवून फुंकलं की पाण्याचं धुकं मूर्तीवर बसायचं. दोन फुंकरी डिंकाच्या, तिसरी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चंद्रसाची. चंद्रस म्हणजे एक जातीची राळ. ती बसली की रंग पक्का, मग ओला हात लागू दे नाहीतर पावसाचा शिंतोडा येऊ दे. फक्त खालची माती आतपर्यंत सुकलेली हवी. चंद्रस बाहेरचं पाणी आत घेत नाही आणि आतलं बाहेर सोडत नाही. ओल आत अडकली तर ती कधीतरी वरचा रंग घेऊनच बाहेर पडते. माती सुकली की नाही हे कळायला काका मूर्तीच्या पोटाला हाताची मागची बाजू लावायचा. गार लागली तर थांबायचं. एवढाच त्याचा नियम होता आणि तो त्याने तीसेक वर्षं पाळला.

आमच्याकडे दुकानात जाऊन गणपती पसंत करायची रीत नाही. घराचा पाट शाळेत द्यायचा, त्या पाटावर मूर्ती करून घ्यायची आणि चतुर्थीला ती पाटासकट घरी न्यायची. ज्या घराचा पाट ज्या शाळेत जातो तिथेच तो पिढ्यान्‌पिढ्या जातो. पाट दुसरीकडे फिरवणं म्हणजे ठरलेली सोयरीक मोडणं, त्यावर वाडी दोन वर्षं बोलत राहते. आमच्या पडवीत नागपंचमीपर्यंत साठ-पासष्ट पाट भिंतीला टेकून उभे असायचे. ते पाट हीच काकाची अब्रू होती. बाकी त्याच्याकडे काय होतं? एक लेक, ती बुरोंडीला दिलेली. एक दमा.

तीन वर्षांपूर्वी गंगारामकाकांच्या घरचा पाट वाळवीने खाल्ला. त्यांचं घर आमच्या खळ्याच्या खालच्या अंगाला. ते, त्यांची बायको कमळाकाकी, आणि चोवीस वर्षांचा मुलगा दीपेश. तो जयगडला मच्छीच्या बोटीवर होता. थोरली मुलगी मुंबईला असते. दीपेशने घरामागचा फणस तोडून नवा पाट करायला दिला आणि सुताराने तो नागपंचमीनंतर आठ दिवसांनी दिला. कमळाकाकी तो घेऊन आली तेव्हा मी पडवीतच होते. काकाने पाटावर टिचकी मारली, कान देऊन आवाज ऐकला आणि लाकूड ओलं आहे म्हणाला. कमळाकाकी म्हणाली, पोराने हौसेने केलाय, आता काय करू. काकाने पाट ठेवून घेतला. ओल्या लाकडावर ओली माती बसली, आणि खालून लाकूड तिला पाणी पाजत राहिलं.

त्यात पाऊस असा लागला की वाडीची वीज चार दिवस गेली. काकाने करवंट्यांचा विस्तव घमेल्यात करून मूर्तीजवळ ठेवला, रात्रंदिवस फिरवला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सगळ्या मूर्ती तयार होत्या, ही एक सोडून. रंग झाला होता, गाल झाले होते, डिंकाच्या फुंकरीही बसल्या होत्या. काकाने पोटाला हात लावला. गार लागलं.

आता त्याने काय करायला हवं होतं ते मी सांगते, कारण त्यानेच मला नंतर ते शंभर वेळा सांगितलं. रंग पुसून टाकायचा आणि नुसती खडूची पांढरी मूर्ती द्यायची. गणपती पांढरा असला म्हणून कुणाच्या घरी बसत नाही असं नाही. पण गाल फार चांगले उतरले होते. त्या वर्षीचे सगळ्यांत चांगले, असं सखूकाकीही म्हणाली. त्याला ते पुसवले नाहीत. त्याने तोंडात फुंकणी धरली आणि चंद्रसाची फुंकर मारली. त्याची चूक म्हणायची तर ही, एवढीच.

गौरी जेवल्या त्या दिवशी संध्याकाळच्या आरतीत मूर्तीच्या उजव्या गालावर फोड आला आणि आरती संपायच्या आत विड्याच्या पानाएवढा पापुद्रा सुटून पाटावर पडला. खालची करडी माती उघडी झाली. घरात माणसं भरलेली. भटजींनी येऊन बघितलं, म्हणाले की मूर्ती अखंड आहे, रंग गेलाय, चालू ठेवा. काका बरणी आणि कापूस घेऊन धावला तर गंगारामकाका म्हणाले, प्रतिष्ठा झालेल्या मूर्तीला आता हात लावायचा नाही. कमळाकाकीने त्या जागी हळदीकुंकू लावलं आणि विसर्जनापर्यंत निभावलं. दोन-चार दिवस बोलणं झालं आणि विषय मिटला. खरंच मिटला होता. काका तेवढा धुमसत होता, पण तो स्वतःवर.

मार्गशीर्षात दीपेश समुद्रात गेला. जाळं सोडताना दोरीत पाय अडकला आणि ओढला गेला. तिसऱ्या दिवशी खडकाळीत सापडला. खडकांनी त्याचा उजवा गाल सोलून काढला होता.

ज्यांनी त्याला वर आणलं त्यांच्यापैकी कुणीतरी त्या क्षणी म्हणालं, उजवाच. कोण म्हणालं ते मला अजून कळलेलं नाही. कळलं नाही हे त्याचं नशीब. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, आणि वाडीने फांदीला सोडून कावळ्याला धरलं. त्या दिवसापासून काकाला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर मी भांडले असते. पुढच्या नागपंचमीला पडवीत नऊ पाट आले. बाकीच्यांनी कारणं सांगितली, तीही गोड. मुलगा मुंबईहून आणतोय. यंदा जावयाने हौसेने पाठवलाय. रावजी, तुला दमा आहे, कशाला त्रास. ज्या बाईने हे दम्याचं सांगितलं तिला मी विचारलं की दमा गेली वीस वर्षं आहे, तुम्हाला आज बरा दिसला. ती हसली आणि निघून गेली.

मी पावसच्या पोस्टात काम करते. मी काही मोठी शिकलेली नाही, पण दोन आणि दोन चार होतात एवढं मला कळतं. मी काकासमोर मातीचे दोन गोळे ठेवले होते. एक सुकलेला, एक आतून ओला. दोन्हींना रंग, दोन्हींना चंद्रस. चौथ्या दिवशी ओल्याचा रंग सुटून हातात आला. म्हटलं, बघ, ह्याच्यात कुठे देव आला, कुठे दीपेश आला? काकाने तो पापुद्रा बोटावर घेऊन बघितला. व्हय, बरोबर हाय, म्हणाला. मग म्हणाला की गोळ्याला कोण पुजतं. मला इतका संताप आला की मी दोन्ही गोळे उचलून माडाच्या बुंध्याशी फेकले. वाडीने मानलं ते मानलं, पण ह्याने स्वतःच मानलं होतं. लोकांच्या आधी मानलं होतं.

त्या वर्षी कमळाकाकीकडे गणपती बसला नाही, नुसती सुपारी पुजली. गंगारामकाका आमच्या खळ्यातून जाणं सोडून लांबच्या वाटेने जाऊ लागले. पण कमळाकाकी तशी नव्हती. ती विहिरीवर, बाजारात, जिथे हा विषय निघेल तिथे ठणकावून सांगायची की रंग आणि माझं पोर ह्यांचा काही संबंध नाही. समुद्रावर जाणाऱ्याचं असंच असतं, माझा आजाही गेला होता, त्याच्या गणपतीचा कुठे रंग उडाला होता? बायका मान डोलवायच्या. ती दोन वर्षं हे सांगत होती आणि माझ्या मते ती ते मुख्यतः स्वतःला सांगत होती. पोर गेलं ह्याचं दुःख एक, आणि ते कुणाच्या तरी चुकीने गेलं हे दुसरं. पहिलं तिने उचललं होतं. दुसरं तिला उचलायचं नव्हतं, आणि त्यासाठी तिला कुणाचीतरी सोबत हवी होती.

गेल्या वर्षी नागपंचमीला पडवीत एकही पाट नव्हता. नऊवाल्यांनीही फिरवले. फळीवरच्या बरण्या सखूकाकीने पुसून ठेवल्या होत्या, उगाच. मी घरी होते. सकाळी दहाच्या सुमारास कमळाकाकी पाट डोक्यावर घेऊन येताना दिसली. खालच्या पायवाटेने दोन मिनिटांत पोचता येतं, पण ती तिकडून आली नाही. ती सबंध वाडीतून, देवळासमोरून, दुकानासमोरून, लोक दारात उभे राहून बघत असताना आली. तोच पाट, दीपेशच्या फणसाचा. दोन वर्षांत तो चांगला सुकला होता. तिने तो पडवीत काकासमोर ठेवला आणि पदराने तोंड पुसलं.

मला एकदम बरं वाटलं. वाटलं, सुटलो. ह्या पाटावर मूर्ती बसली, काकाने तिला रंग दिला आणि कमळाकाकीने ती घरी नेली की वाडीला बोलायला जागाच उरत नाही. ज्या घरचं माणूस गेलं त्या घरालाच काही वाटत नाही म्हटल्यावर बाकीच्यांनी काय बोलायचं? पुढच्या वर्षी पाट परत येतील. सखूकाकी तर चहा ठेवायला आत पळाली.

काका पाटाकडे बघत बसला होता. त्याने टिचकी मारली नाही. हातही लावला नाही.

"वैनी, माज्या हातून नको," तो म्हणाला.

कमळाकाकीला वाटलं तो दम्याचं सांगतोय. ती म्हणाली की लहान मूर्ती कर, टीचभर कर, पण तूच कर. आमच्या ह्यांना रत्नागिरीहून आणायचा आहे, मी त्यांच्याशी भांडून आले आहे.

"तसा नाय." काकाचा श्वास लागला होता. "तुला माहीत नाय ता सांगतंय. त्या वर्षी मला कळला व्हता. पोटाला हात लावला नि गार लागला. मला कळला व्हता नि तरी मी फुंकर मारली."

दोन वर्षांत त्याने हे माझ्याखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणून सांगितलं असतं तर ठीक होतं. पण तो ते खाली मान घालून, हात जोडून सांगत होता. रंग उडाला म्हणून माणूस असे हात जोडत नाही. ते हात दीपेशसाठी जोडलेले होते, हे मला दिसलं तसं तिलाही दिसलं. मी मधे पडले. म्हटलं, काकी, तो मातीचं सांगतोय, माती ओली होती, पाट ओला होता, त्याचा आणि दीपेशचा काय संबंध, तूच तर सांगतेस ना सगळ्यांना. काका, तू सांग तिला. तुझ्या तोंडाने सांग की काही संबंध नाही.

एवढं एक वाक्य. मी त्याच्या दंडाला धरून हलवलं. तो खोटंही बोलू शकला असता, आणि ते खोटं नव्हतंच. त्याने मान वर केली नाही.

कमळाकाकी त्याच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत होती. मग ती मला म्हणाली, "तू गप ऱ्हा गो. ज्याचा हात, त्याला माहीत." आणि त्याला म्हणाली, "दोन वर्षां मी लोकांची तोंडां धरली, भावजी. आता काय सांगू?"

तिने पाट उचलला. मी म्हटलं मी येते सोबत, मला दे. तिने दिला नाही. पाटाखालची चुंबळ आमच्याच पडवीत राहिली आणि ती तसाच उघड्या डोक्यावर पाट घेऊन, आली तशी सबंध वाडीतून परत गेली. लोक अजून दारातच होते. सखूकाकी चहाचे चार कप घेऊन बाहेर आली आणि कुणाला द्यायचे हे न कळून उभी राहिली.

दुपारपर्यंत सगळ्या वाडीला कळलं होतं. खाई त्याला खवखवे, असं दुकानावर कुणीतरी म्हणालं, आणि ह्या वेळी मी भांडायला गेले नाही. काय भांडणार? काकाने स्वतःच सही करून दिली होती. मी त्याच्याशी आठ दिवस बोलले नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे त्याला हलकं वाटत होतं. तो नीट जेवू लागला, दमाही थोडा उतरला. मनात ठेवलेलं बोललो, वैनीला फसवलं नाही, असं त्याला वाटत होतं. आपण तिच्याकडून काय काढून घेतलं हे त्याला मी सांगितलं तरी कळलं नाही, आणि एवढ्या वयात ते कळवून मी तरी काय मिळवणार होते. त्याच्या बरण्यांतली भुकटी आता पावसाळ्यात ओल धरून तळाला खड्यासारखी बसली आहे. तो ती फोडत नाही.

त्या चतुर्थीला कमळाकाकीच्या घरी रत्नागिरीहून गणपती आला. ती दर्शनाला कुणाला बोलवायला गेली नाही. विहिरीवर आता ती कुणाशी वाद घालत नाही, पाणी भरते आणि जाते.

दिवाळीनंतर ती पोस्टात आली होती. मुंबईच्या लेकीला आमसुलांचं पार्सल करायचं होतं. मी वजन केलं, पत्ता लिहून दिला. गर्दी नव्हती. ती खिडकीशी उभीच राहिली. मग खाली वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिने विचारलं, "त्यान ती फुंकर मारली नसतान, तर दीपेश असता ना गो?"

मी नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. म्हटलं, काकी, दोरीत पाय अडकला, मूर्तीशी त्याचा काही संबंध नाही, माझी शपथ.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि पावती पिशवीत ठेवली.

"तू असाच सांगणार," ती म्हणाली. "तू त्याची पुतणी."